नुसता आकडा म्हणजे बिनकासऱ्याचा बैल

(छत्रपती संभाजीनगर जिल्हा बैठकीत मांडलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठक म्हटली की भावाचे बोलणे निघणारच. आज आम्ही भावाच्याही आधीची एक गोष्ट मांडणार आहोत. भाव ज्या आकड्यात लिहितात, त्या आकड्याच्या मागे कोणते माप आहे आणि कोणती तारीख आहे, ही ती गोष्ट. विषय ऐकायला शाळेच्या गणितासारखा वाटेल, पण पैसे मात्र आपल्याच खिशातून जातात.

चार आकडे सांगतो. समजा एकाच दिवशी मोबाइलवर निरोप आला की राजकोटला कापूस १,५०० रुपये. आपल्या बाजाराच्या फळ्यावर ७,५०० रुपये. वर्तमानपत्रात खंडीचा भाव ५५,००० रुपये. आणि कुणीतरी सांगितले की अमेरिकेत साडेब्याऐंशी सेंट. आता सांगा, यातला चांगला भाव कोणता?

उत्तर असे की चारही आकडे जवळपास एकाच भावाचे आहेत. गुजरातच्या बाजारात कापूस २० किलोच्या मणावर बोलतात. १,५०० ला पाचाने गुणले की क्विंटलचे ७,५०० झाले. खंडी ही रुईची असते, कापसाची नव्हे, आणि ती ३५५.६२ किलोची. अमेरिकेचा भाव एका पौंड रुईचा. एका खंडीत ७८४ पौंड बसतात. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर साडेब्याऐंशी सेंट पौंड म्हणजे ५५ हजारांची खंडी. आता खंडीवरून कापसावर या. ५५ हजारांची खंडी म्हणजे रुई किलोला सुमारे १५४ रुपये ६६ पैसे. एक क्विंटल कापसातून ३४ किलो रुई निघते असे धरा, तिचे ५,२५८ रुपये. सरकी ६४ किलो, ३५ रुपये किलोने धरली तर २,२४० रुपये. बेरीज ७,५०० ला दोन रुपये कमी. जिनिंगचा खर्च आणि व्यापाऱ्याचा नफा यातूनच जायचा, तो हिशेब वेगळा.

डॉलरचा आणि सरकीचा भाव रोज हलतो, म्हणून हे उदाहरण समजा. रीत मात्र पक्की आहे. ज्याला ही रीत येते तो चार आकडे ऐकून गप्प बसतो. ज्याला येत नाही तो ‘राजकोटला दीड हजारच’ म्हणून घाबरतो, नाहीतर ‘पंचावन्न हजार’ ऐकून हुरळतो. दोघांपैकी कापूस घाईने कोण विकतो, हे तुम्हाला माहीत आहे.

मण कुणाचा?

आपल्याकडे मण हा शब्द खेडा खरेदीत अजून ऐकू येतो. पण मण कोणता? इंग्रजी अमलातला सरकारी मण ४० शेरांचा, म्हणजे आजचे ३७.३२ किलो. बोलीतला मण आज सोयीसाठी ४० किलोचा धरतात. गुजरातचा २० किलोचा. शेजारी पाकिस्तानात शेतकऱ्याचा कापूस ४० किलोच्या मणाने घेतात आणि तीच रुई गिरणीला विकताना मण ३७.३२४ किलोचा होतो.

समजा भाव मणावर ठरला आणि ठरवताना कुणी विचारलेच नाही. भाव सांगणाऱ्याच्या मनात ३७.३२ चा मण आणि काट्यावर ४० चा. एका मणामागे दोन किलो ६८० ग्रॅम गेले. शंभर मणांवर दोन क्विंटल ६८ किलो कापूस. ७,५०० च्या भावाने २० हजार रुपये. यात काट्यात खोट नाही, मापाडी चोर नाही. एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत आणि कोणता धरायचा ते कुणी लिहिले नाही, एवढेच झाले.

धान्याचेही तसेच होते. आपल्या आज्या पायलीने ज्वारी मोजायच्या. चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली, खाली मापटे, चिपटे, कोळवे. पण कुठे बारा पायल्यांचा मण, तर कुठे सोळा पायल्यांचा. शिवाय पायली हे भरून मोजायचे माप. टपोऱ्या ज्वारीची पायली आणि तुरीची पायली वजनाला सारखी भरत नाही. गावातल्या गावात देवाणघेवाण होती तोवर याने कुणाचे बिघडले नाही, कारण देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकच पायली माहीत होती. माल गावाबाहेर गेला आणि पायली ज्याच्या हातात तो मालक झाला.

आता खंडी बघा. धान्याची खंडी २० मणांची. मुंबईच्या कापूस बाजारातली खंडी २८ मणांची, आणि तो मण २८ पौंडांचा. २८ गुणिले २८ म्हणजे ७८४ पौंड, तेच आजचे ३५५.६२ किलो. पौंड देशातून गेला, मुंबईचा मण गेला, पण दोघांच्या गुणाकारातून झालेली खंडी व्यापाऱ्यांच्या व्यवहारात अजून उभी आहे. आपला हमीभाव मात्र क्विंटलवर आणि कापसावर असतो. २०२५-२६ च्या हंगामाला तो लांब धाग्यासाठी ८,११० आणि मध्यम धाग्यासाठी ७,७१० रुपये ठरला. शेतकऱ्याचे माप एक आणि व्यापाऱ्याचे दुसरे. त्यामुळे आपला माल पुढे काय भावाने गेला हे आपल्याला सहजी कळत नाही.

गाठ १७० ची की २१८ ची?

देशात कापूस किती पिकला, परदेशातून किती आला, हे लाख गाठींत सांगतात. त्यावर बाजार चढतो आणि पडतो. आपल्याकडची गाठ १७० किलोची. अमेरिकेचे शेती खाते ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोची गाठ धरते. ऑस्ट्रेलियाची २२७ किलोची.

आपल्या ३०० लाख गाठी म्हणजे ५१ लाख टन रुई. तीच रुई अमेरिकेच्या हिशेबात २३४ लाख गाठी होते. दोन बातम्या शेजारी ठेवल्या आणि गाठ कोणती ते छापले नाही, तर वाचणाऱ्याला वाटेल की देशात ६६ लाख गाठींचा तुटवडा पडला. उलटही होते. परदेशातून आलेल्या गाठींचा आकडा त्यांच्या मापात सांगितला तर तो लहान दिसतो. २०२५ साली १९ ऑगस्टपासून सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क स्थगित केले आणि ती सवलत पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली. अशा वेळी ‘इतक्या लाख गाठी येणार’ हे ऐकल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा, की गाठ किती किलोची?

दुसरा प्रश्न वर्षाचा. ‘२०२४-२५ चे उत्पादन’ असे छापलेले असते. हे वर्ष कोणते? सरकारचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. शेती खात्याचे पीकवर्ष जुलै ते जून. आपल्या तलाठ्याचे महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै. कापूस बाजाराचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर. अमेरिकेचा कापूस हंगाम ऑगस्ट ते जुलै. लिहिताना सगळीकडे ‘२०२४-२५’ असेच लिहितात. सप्टेंबरात बाजारात आलेला कापूस अमेरिकेच्या हिशेबात नव्या वर्षाचा आणि आपल्या बाजाराच्या हिशेबात जुन्या वर्षाचा. शिल्लक साठा किती, यावरून पुढचा भाव ठरतो. म्हणून वर्ष कुठे सुरू झाले याला किंमत आहे.

१.२० म्हणजे किती जमीन?

आता घरातला कागद काढू. जमीन आपण एकर-गुंठ्यात बोलतो. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. त्याआधी काठी, पांड, बिघा होते. २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. आज सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. १०० चौरस मीटरचा आर, १०० आरचा हेक्टर. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. आर आणि गुंठा जवळपास सारखे आहेत. गुंठा किंचित मोठा, १०१ चौरस मीटरचा. म्हणून सातबारावर ०.४० दिसले की एक एकराला अर्धा गुंठा कमी असे समजायचे.

घोळ दशांशाच्या टिंबात आहे. एखाद्या कागदावर नुसते १.२० लिहिले आहे. सातबाऱ्याच्या हिशेबाने ते १ हेक्टर २० आर, म्हणजे २ एकर ३८ गुंठ्यांच्या वर, जवळपास तीन एकर. जुन्या एकर-गुंठ्याच्या रीतीने १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर. आणि यंत्रात दशांश एकर म्हणून भरले तर १ एकर ८ गुंठे. एकच आकडा, जमीन तीन प्रकारची, आणि मोठीत व लहानीत अडीच पटीचा फरक.

हा फरक कुठे आडवा येतो? वाटणीपत्रात, खरेदीखतात, पीक कर्जाच्या अर्जात, विम्याच्या क्षेत्रात. पाऊण एकर म्हणजे ३० गुंठे. ते ‘०.३०’ असे लिहून दिले आणि समोरच्याने यंत्रात दशांश एकर म्हणून घातले की १२ गुंठे झाले. १८ गुंठ्यांचे पीक कागदावरून उडाले. पुढे विमा मिळो की मदत, ती १२ गुंठ्यांची. म्हणून आम्ही सांगतो की जमीन लिहिताना टिंबावर विसंबू नका. ‘० एकर ३० गुंठे’ असे शब्दात लिहा, आणि सरकारी कागदावर ‘हेक्टर’, ‘आर’ हे शब्द असल्याशिवाय सही करू नका.

हेक्टरी की एकरी?

कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी असते, आपण बियाणे-खत एकरी टाकतो. समजा शिफारस आहे हेक्टरी १०० किलो नत्र. यात दोन पायऱ्या आहेत. पहिली, नत्र म्हणजे युरिया नव्हे. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे १०० किलो नत्राला २१७ किलो युरिया. दुसरी, हे हेक्टरला. एकराला ८८ किलो, ४५ किलोच्या जवळपास दोन गोण्या. ‘हेक्टरी’ हा शब्द नजरेतून सुटला आणि २१७ किलो एकराला टाकला तर पाच गोण्या झाल्या. कोरडवाहू कपाशीला पाच गोण्या म्हणजे पैसा मातीत, झाड माजलेले आणि किडीला आमंत्रण. गोणीही पूर्वी ५० किलोची होती, २०१८ पासून युरियाची ४५ किलोची झाली. ‘एकराला अमुक गोण्या’ हे जुने तोंडपाठ गणितही तपासूनच वापरायला हवे.

उत्पादनाच्या तुलनेतही हेच. कापसाची देशाची सरासरी हेक्टरी ४५० किलोच्या आसपास आहे असे वाचले की फुलंब्री-सिल्लोडचा शेतकरी हसतो. ‘आम्ही तर एकरी आठ क्विंटल काढतो.’ पण तो आकडा हेक्टरचा आणि रुईचा आहे. ३४ टक्के उताऱ्याने ४५० किलो रुई म्हणजे १,३२४ किलो कापूस, आणि एकराला पाच क्विंटल ३६ किलो. आता ही तुलना खरी झाली. चीनमधला शेतकरी एका ‘मू’ला किती पिकवतो हे ऐकाल तर आधी लक्षात घ्या की मू म्हणजे हेक्टरचा पंधरावा भाग, आपले साडेसहा गुंठे. परदेशी औषधाच्या माहितीत ‘गॅलन’ दिसला तर तो इंग्लंडचा साडेचार लिटरचा की अमेरिकेचा पावणेचार लिटरचा, हे कळल्याशिवाय पंपात थेंब टाकू नका.

असे घोळ फक्त अडाण्यांचे होतात असे समजू नका. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक विमान उडाले. त्या देशात तेव्हा जुनी मापे जाऊन नवी येत होती. इंधन हवे होते २२,३०० किलो, हिशेब झाला पौंडांचा, आणि निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान ४१ हजार फुटांवर गेले. दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकाच्या कौशल्याने विमान गिमली नावाच्या जुन्या धावपट्टीवर उतरले आणि ६९ माणसे वाचली. सगळे शिकलेले, सगळ्यांकडे आकडा होता. फक्त आकड्याचे माप चुकले.

तारखेचा घोळ

आता तारीख. अमेरिकेत न्यूयॉर्कवर हल्ला झाला त्याला ते ‘९/११’ म्हणतात. तो दिवस ११ सप्टेंबर २००१. त्यांच्याकडे महिना आधी, दिवस नंतर. मुंबईच्या हल्ल्याला आपण ‘२६/११’ म्हणतो, तो २६ नोव्हेंबर २००८. आपल्याकडे दिवस आधी. चीन-जपानमध्ये वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. १९८८ साली जो आंतरराष्ट्रीय संकेत छापला गेला त्यानेही वर्ष-महिना-दिवस हाच क्रम धरला. २६ तारखेला घोळ होत नाही, कारण २६ वा महिना नसतो. घोळ बारा तारखेपर्यंतच्या दिवसांत होतो.

समजा बियाण्याच्या पिशवीवर चाचणीची तारीख ११/०२/२०२४ आहे. प्रमाणित बियाण्याची मुदत साधारणपणे चाचणीपासून नऊ महिन्यांची. आपल्या रीतीने ही ११ फेब्रुवारी, म्हणजे मुदत नोव्हेंबर २०२४ मध्येच संपली. पण २०२५ च्या मृगात दुकानदार म्हणाला, ‘अहो, ही २ नोव्हेंबर आहे, ऑगस्टपर्यंत चालते,’ तर? उगवण झाली नाही की तालुक्याच्या तक्रार समितीपुढे जाताना पिशवी आणि पावती हाच पुरावा. बियाणे घेणारा शेतकरी हाही ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले आहे. पण ग्राहक म्हणून भांडायला तारीख वादातीत हवी.

आपल्या मराठवाड्याला हा घोळ नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. जुन्या कागदांवर फसली सन आहे आणि आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे महिने आहेत. हे साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचे. फसली सालात ५९० मिळवले की इंग्रजी साल येते, आणि जानेवारीनंतरचे महिने असतील तर ५९१. १३५२ फसलीचा आजूर म्हणजे १९४२ चा ऑक्टोबर. उत्तरेकडच्या फसलीत आणि दख्खनच्या फसलीत पुन्हा दोनएक वर्षांचा फरक. २०२३ पासून निजामकाळातल्या नोंदी शोधायला घरोघर पेट्या उघडल्या गेल्या, तेव्हा कितीतरी जणांना हे साल पहिल्यांदा दिसले.

त्या कागदांवरचा रुपयाही तपासावा लागतो. हाली की कलदार? निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार रुपया यांचा दर ७ हालीला ६ कलदार असा होता. ७०० हालीचे कर्ज म्हणजे ६०० कलदार. कागदावर नुसते ‘रुपये ७००’ असले की सावकार कोणते मागणार हे सांगायला नको.

फसली साल निघाले कशासाठी? हिजरी वर्ष चंद्राचे, ३५४ दिवसांचे. सारा हिजरी तारखेने मागितला तर दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतो. काही वर्षांत पीक शेतात उभे आणि सारा दारात उभा. म्हणून बादशहाला पिकाच्या वर्षाला धरून साल करावे लागले. फसल म्हणजे पीक, त्यावरून फसली. आपले शेतकरीही हे जाणून होते. सण आपण तिथीने करतो, पण पेरणी नक्षत्राने. नक्षत्र सूर्याचे, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, अधिक महिना आला तरी. तिथीने पेरणी केली असती तर कधीच फसलो असतो. महिन्याची नावेही सगळीकडे एक नाहीत. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. आपला पोळा श्रावणी अमावास्येला. तोच दिवस उत्तरेच्या पंचांगात भाद्रपद अमावास्या. दिवस एक, महिन्याचे नाव वेगळे.

पाऊस किती आणि कोणत्या दिवशी?

आपण पाऊस इंचात किंवा ‘ओल किती गेली’ यात बोलतो. सरकार मिलिमीटरमध्ये बोलते. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. आता ‘अडीच इंच पडला’ असे आपण म्हणतो, ते होतात ६३.५ मिलिमीटर. शेत वाहून गेले तरी दीड मिलिमीटरने तुम्ही रेषेच्या अलीकडे.

शिवाय चोवीस तास कोणते? हवामान खात्याचा पावसाचा दिवस रात्री बारापासून नाही, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा असतो. पहाटे चारला सुरू झालेला पाऊस अकराला थांबला. साडेआठच्या आत ४० मिलिमीटर, नंतर ४५. सलग ८५ मिलिमीटर झाला, पण नोंद दोन तारखांवर वाटली गेली आणि कोणतीही तारीख ६५ ला पोचली नाही. म्हणून नुकसानीच्या अर्जात पाऊस कधी सुरू झाला, कधी थांबला, ही वेळ लिहा. नुसती तारीख पुरत नाही.

आणेवारीचेही तेच. सोळा आण्यांचा रुपया १ एप्रिल १९५७ ला गेला आणि शंभर पैशांचा आला. मोजणी पैशांत होऊ लागली, तोंडी नाव मात्र आणेवारी राहिले. ५० पैशांच्या खाली पीक म्हणजे जुन्या भाषेत आठ आण्यांच्या खाली. पण आठ आणे असोत की ५० पैसे, रुपया कशाला धरला हे महत्त्वाचे. पूर्ण पीक म्हणजे हेक्टरी किती किलो हे प्रमाण आधी ठरते आणि त्यावर पैसे मोजतात. प्रमाण कमी धरले की वाईट वर्षही ५० पैशांच्या वर जाते. गावच्या पैसेवारीवर हरकत घ्यायची तर आधी ते प्रमाण विचारा.

माप हे कुणाच्या हाती?

माप वेगळे असणे हा गुन्हा नाही. प्रत्येक मुलखाने आपल्या कामाला जुळेल असे माप घडवले. वाईट एवढेच की दोन मापे समोरासमोर आली की ज्याच्या हातात कागद असतो त्याचे माप चालते, आणि ते कोणते हे तो लिहीत नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.

फ्रान्समध्ये १७८९ साली शेतकऱ्यांनी राजाकडे गाऱ्हाणी लिहून पाठवली. त्यात जागोजाग एक तक्रार होती, की जमीनदार धान्य घेताना स्वतःचे माप वापरतो आणि ते माप वाढत जाते. सगळ्या देशाला एकच माप द्या, ही मागणी होती. तिच्यातून १७९५ साली मीटर-किलोची पद्धत निघाली. किलो शास्त्रज्ञांनी घडवला खरा, पण तो मागितला शेतकऱ्यांनी. आपल्या देशाने १९५६ साली कायदा करून हीच पद्धत घेतली. आज २००९ चा वैधमापन कायदा आहे. प्रमाणित मापाखेरीज दुसऱ्या मापात भाव सांगायला त्यात मनाई आहे. म्हणजे ‘मणाला इतके’ असे बोलून कुणी खरेदी करत असेल तर ‘किलोत सांगा’ हे म्हणणे हा आपला हक्क आहे, हट्ट नव्हे.

आम्ही गावोगाव काटापट्ट्या बघतो. एका चिठ्ठीवर ‘५/११’ आणि ‘८४२’ एवढेच होते. साल नाही, किलो नाही, भाव नाही, कडता किती कापला ते नाही. अशा चिठ्ठीवर कोणत्या कचेरीत दाद मागणार? नुसता आकडा म्हणजे बिनकासऱ्याचा बैल. ज्याला हवा तो हाकून नेतो.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही पाच नेम ठेवतो.

एक. तारीख लिहिताना महिना अक्षरात आणि साल चार आकडी. ‘५ नोव्हेंबर २०२५’. मग अमेरिकेचा माणूस वाचो की वैजापूरचा, एकच अर्थ लागतो.

दोन. वजनापुढे ‘किलो’ किंवा ‘क्विंटल’, आणि भावापुढे ‘प्रतिक्विंटल’ हे शब्द असल्याशिवाय काटापट्टी घ्यायची नाही. कडता वेगळा लिहून मागायचा. काट्यावर वजनमापे खात्याचा मुदतीतला शिक्का बघायचा.

तीन. जमीन लिहिताना ‘हेक्टर-आर’ की ‘एकर-गुंठे’ हे शब्दात. टिंबावर सही नाही.

चार. बाहेरचा भाव कळला की आधी तीन गोष्टी विचारायच्या: कापसाचा की रुईचा, किती किलोचा, आणि कोणत्या तारखेचा. उत्तर मिळेपर्यंत तो निरोप पुढे पाठवायचा नाही.

पाच. बियाण्याची पिशवी, औषधाची बाटली आणि पावती पीक घरी येईपर्यंत जपून ठेवायची. घेतानाच पावतीवर लॉट क्रमांक आणि तारीख दुकानदाराकडून लिहून घ्यायची.

शिकलेल्या पोरांना एक काम. गावातल्या चावडीवर किंवा सोसायटीच्या भिंतीवर एक तक्ता रंगवा. हेक्टर किती एकर, खंडी किती किलो, गाठ किती किलो, गुजरातचा मण किती किलो, इंच किती मिलिमीटर. पाच ओळी पुरतात. रंगाचा डबा गावाने द्यावा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने तीन कागद आणावेत. आपला सातबारा, मागच्या हंगामाची एक काटापट्टी आणि बियाण्याची एक पिशवी. आपण ते इथे बसून एकत्र वाचू. कोणत्या काटापट्टीवर माप नाही, कोणत्या पिशवीवरची तारीख दोन अर्थांची आहे, त्याची तालुकावार यादी करू. ती यादी घेऊन बाजार समितीत आणि वजनमापे खात्यात जाऊ. तिथे मागणी एकच करायची, ती अशी की शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या प्रत्येक कागदावर आकड्याबरोबर त्याचे माप आणि पूर्ण तारीख लिहिलेली असली पाहिजे.